समासात लिहिलेलं

२४ नोव्हेंबर, सोमवार

अकरावी कलाचे सारांश तपासले. सगळ्यांचा एकच, शब्द न् शब्द. ‘प्रस्तुत उताऱ्यातून लेखकाने मानवी जीवनातील...’ वगैरे. उतारा कुणीच वाचलेला नाही. एकानं मोबाईलला विचारलं, मोबाईलनं सांगितलं, बाकीच्यांनी त्याच्या वहीतून उतरवून घेतलं. शेवटच्या बाकावरच्या दिग्विजयनं तर खाली हेही लिहिलंय, अगदी सुवाच्य अक्षरात: ‘हा सारांश आणखी लहान करून हवा आहे का?’

स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. सगळे हसले, मीही. एसटीत बसल्यावर मात्र लक्षात आलं. ते वाक्य उताऱ्याचं नाही, हेसुद्धा त्या पोराला कळलं नव्हतं. तो टिंगल करत नव्हता.

२६ नोव्हें.

पेन्सिली आणायला सांगितल्या होत्या. निम्म्यांनी आणल्या. म्हटलं, आज पुस्तकात लिहायचं. महत्त्वाचं वाटेल त्याच्याखाली रेघ. कळलं नाही तिथं समासात प्रश्नचिन्ह. पटलं नाही तर तसं लिहा.

पेन्सिली हातातच राहिल्या. मग एक जण, “पुस्तकात लिवायचं व्हय मॅडम? घरात मारत्याल.”

“पेन्सिलनं लिहायचं. पुसता येतं.”

“पण पुस्तक चुलत भावाला द्यायचं हाय पुढच्या वर्षी.”

पुस्तकाला पाय लागला की लगेच हात कपाळाला नेतात ही पोरं. इतका मान. उघडायचं म्हटलं की मात्र अंगावर काटा.

१ डिसेंबर, सोम.

शेवटी उतारे झेरॉक्स करून दिले. तासभर पेन्सिलींची खरखर. बरं वाटलं. गोळा केले तर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत रेघ. काहींनी पट्टी लावून मारलेली.

“अरे, सगळ्याच ओळींखाली कशी?”

“सगळंच महत्त्वाचं हाय की मॅडम. परीक्षेत काय इचारत्याल सांगता येत न्हाई.”

हे चुकीचं आहे हे मला माहीत आहे. का चुकीचं, हे त्यांना पटेल असं सांगता आलं नाही.

७ डिसें., रविवार. सातारा

चौथं वर्ष हे असं. आठवडाभर इस्लामपूरच्या खोलीवर, तिथून रोज एसटीनं कॉलेजच्या गावाला. शनिवारी संध्याकाळी साताऱ्याला घरी, दीड दिवसाचा संसार, सोमवारी पहाटे परत. महेश म्हणाला, “तासिका तत्त्वावर अजून किती वर्षं काढणार? इथल्या क्लासवाल्यांनी दोनदा निरोप पाठवलाय.”

म्हटलं, तिथं काय, तयार नोट्स द्यायच्या नुसत्या.

“मग तिकडं काय देतेस?”

तो मेथी निवडत होता. टोचून बोलला नव्हता, खरंच विचारत होता. मीही बसले निवडायला.

१० डिसें.

प्राचार्य पाटोळे सरांनी बोलावलं. दोन पालक येऊन गेले म्हणे. “मॅडम, पोरांना पुस्तकांत रेघोट्या मारायला लावता?”

सगळं सांगितलं. ऐकून घेतात ते. वाईट माणूस नाही. म्हणाले, “तुमचं बरोबरच आहे हो. पण मला निकाल दाखवावा लागतो. सारांश फळ्यावर लिहून द्या, पाठ करतील.” मग आवाज उतरवून, “जूनमध्ये तुमची ऑर्डर पुन्हा काढायची आहे. संस्थेत प्रत्येक वेळी माझं ऐकतातच असं नाही.”

कळलं.

१५ डिसें., सोम.

एक गोष्ट चांगली झाली, लिहून ठेवते. सानिया तांबोळी. फाट्यावर वडिलांची चहा-पानाची टपरी आहे, कॉलेजला यायच्या आधी ही तिथं बसते. वर्गात तोंड उघडत नाही. आजच्या उताऱ्यात तिनं एकाच ओळीखाली रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘हे आधी का नाही सांगितलं?’

मी तो उतारा किती वर्षं शिकवतेय. लेखकानं ते खरोखरच उशिरा सांगितलंय. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

विचारलं, कुठं शिकलीस असं वाचायला? म्हणाली, “टपरीवर पेपर येतो. गिऱ्हाईक बातमी अर्धी वाचतंय आन् भांडतंय. मग मी पुरी वाचून सांगते.”

१८ डिसें., गुरु.

पुस्तकातल्या कुठल्याही धड्याचा सारांश मोबाईलवर मिळतो. म्हणून ठरवलं, जे मोबाईलला माहीत नसेल तेच द्यायचं. पेपरमधली स्थानिक बातमी. गेल्या आठवड्यात आमच्या फाट्यावर झालेल्या अपघाताची निवडली. छोटी होती, आणि जागा पोरांच्या रोजच्या पायाखालची. ‘भरधाव दुचाकी उसाच्या ट्रॉलीवर आदळून युवक ठार.’ युवक खंडाळ्याकडचा, इथं भरतीच्या अकॅडमीत होता. ‘दुचाकीस्वाराचा वेगावरील ताबा सुटल्याने’ इत्यादी. तीन वाक्यांत सारांश लिहा म्हटलं.

बहुतेकांनी मथळाच उतरवला. चला, निदान हातानं उतरवला.

सानियाचा कागद समोर आहे. ‘भरधाव’ला गोल केलाय. ‘मागून आदळला’खाली रेघ. समासात: ‘खोटं. तो थांबला होता.’ आणि खाली सारांश:

‘ट्रॅक्टरला फाट्यावरचा चढ चढत नव्हता. दोन ट्रॉल्यांमधली पिन निसटली आणि मागची ट्रॉली उताराला मागं आली. मागं गाडी बाजूला लावून फोनवर बोलणारा मुलगा तिच्याखाली गेला.’

आधी वाटलं, किती स्वच्छ लिहिलंय. एक शब्द जास्तीचा नाही. मग वाटलं, पण हा दिलेल्या मजकुराचा सारांश नव्हे. मग खुर्चीतून उठलेच.

१९ डिसें.

मधल्या सुट्टीत सानियाला पायऱ्यांवर गाठलं. “तू बघितलंस?”

“व्हय. टपरीत हुते. अब्बा माल आणायला गेलते.”

“पूर्ण बघितलंस?”

“गाडी बाजूला लावली त्यानं. स्टँडवर. पाणी मागितलं. मी बाटली काढाय वाकले, तवर तो फोनवर बोलाय लागलाता.” दप्तराचा पट्टा नीट केला. मग, “हेल्मेट हुतं डोक्यात. फोन घ्यायला नुसती काच वर केली हुती.”

“पोलिसांना सांगितलंस?”

“कुणी इचारलंच न्हाई. अब्बा आले आन् मला घरी घालवलं.”

“मग काल का लिहिलंस?”

माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी विसरतेय. “तुमीच म्हणला न्हवं, पटलं न्हाई तर लिवा.”

२० डिसें., शनि.

कागद स्टाफरूममध्ये दाखवला. मिरवायला. दुसरा शब्द नाही. मला एवढंच सांगायचं होतं की बघा, एका तरी पोरीला वाचता येतं. कागद हातोहात फिरला. कुणी “अरे वा” म्हणालं. कुणी मोबाईल काढून फोटो घेतला. कुणी घेतला, ते मी बघितलंसुद्धा नाही.

साताऱ्याच्या गाडीत महेशला फोनवर सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तिचं नाव होतं का कागदावर?”

वरच्या कोपऱ्यात. माझ्याच सूचनेनुसार. नाव, इयत्ता, तुकडी.

२२ डिसें., सोम.

पाटोळे सरांनी दार लावून घेतलं. “ट्रॅक्टर कुणाचा आहे ठाऊक आहे?”

नव्हतं ठाऊक. आमच्याच संस्थेच्या एका संचालकांचा. फोटो त्यांच्यापर्यंत शनिवारीच पोचलेला. नशिबानं फोटोत वरचा कोपरा आलेला नाही.

“कुणाचं आहे ते त्यांनी विचारलं नाही अजून. विचारायच्या आत मिटवून टाका. पोरीला सांगा, पुसून टाक म्हणावं. अभ्यासाचा कागद तो, त्यात एवढं काय?”

“सर, तिनं बघितलंय.”

“मी बघितलेलं नाही. तुम्हीही नाही.”

असं म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते, खिडकीकडं बघत होते. बाहेर उसाच्या गाड्या चाललेल्या. दिवसभर चालूच असतात.

मी तिला काही सांगणार नाही. ठरवलंय.

२६ डिसें.

सानिया आली नाही. काल नाताळची सुट्टी होती, परवाही आली नव्हती.

२९ डिसें., सोम.

मला सांगायची गरजच पडली नाही. आज आली. तास सुरू व्हायच्या आधी टेबलापाशी उभी. “मॅडम, माझा कागद द्या.”

दिला. जागेवर जाऊन खोडरबरानं पुसत बसली. सावकाश, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हातानं दाबून धरून. मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते, काय ते आठवत नाही. तास संपताना कागद परत आणून दिला. खाली नवीन सारांश: ‘फाट्यानजीक भरधाव दुचाकी उसाच्या ट्रॉलीवर आदळून एक युवक ठार झाला. वेगावरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.’

दिलेल्या मजकुराला धरून, मुद्देसूद, स्वतःचं काही न घालता. मीच ठरवलेल्या निकषांनी पूर्ण गुण. दिले.

६ जानेवारी, मंगळ.

राहवलं नाही. एसटीची वाट बघताना टपरीवर गेले. सानियाचे वडील, रफिकभाई. बसायला स्टूल पुसून दिलं. चहा आला.

“मॅडम, तुमचे उपकार हायत. पोरगी वाचाय लागली. तिची अम्मी म्हणती, बोलायपण लागली.” मग कपडा घडी घालत राहिले. “येक इनंती हाय. तिला वाचू द्या. लिवाय लावू नका.”

मी विचारलं, कुणी काही बोललं का तुम्हाला?

“कोण कशाला बोलंल? जागा त्यांची हाय. इतकी वर्सं बसतूय, कवा उठ म्हणलं न्हाईत.” हातानं रस्त्याच्या कडेची सगळी पट्टी दाखवली. ट्रॅक्टर ज्यांचा, त्यांचीच. “आता तुमीच सांगा.”

मी चहाचे पैसे पुढं केले. त्यांनी घेतले नाहीत.

१४ जाने.

संक्रांत. पोरांनी तिळगूळ दिला. सानियानंही दिला. ‘गोड बोला’ म्हणायचं ते काही म्हणाली नाही, नुसता हातावर ठेवला. उताऱ्यांच्या कागदांवर आता ती एकही खूण करत नाही. इतरांसारखी सगळ्याच ओळींखाली रेघही मारत नाही. कोरा कागद परत येतो.

सर्दी, अंग दुखतंय.

२० जाने., मंगळ.

आज कॉलेजात एक गृहस्थ आले. उंच, पांढरी टोपी, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्या मुलाचे वडील. मुलाचं नाव ओंकार. हे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शिपायानं सरळ माझ्याकडं आणून सोडलं, मराठीच्या बाई या म्हणून.

मोबाईल पुढं केला. तोच फोटो. अकॅडमीतल्या पोरांत फिरत फिरत यांच्यापर्यंत गेलेला. “बाई, ह्ये अक्षर कुणाचं?”

म्हटलं, माहीत नाही.

रागावले नाहीत. “आवं, तुमी शिक्षक. वर्गातलं अक्षर वळखत न्हाई व्हय?”

“खूप मुलं आहेत, काका.”

“बरं.” मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, “ज्यानं कुणी लिवलंय त्याला सांगा, त्याच्यावर बळजबरी न्हाई. फकस्त येवढं इचारा, तो खरंच थांबला हुता का.” नंबर लिहून दिला. दारातून वळून नमस्कार केला. मला.

खोटं बोलताना माझा आवाज अजिबात हलला नाही. 

२६ जाने., सोम. सातारा

झेंडावंदनाची सुट्टी जोडून तीन दिवस. शनिवारी महेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “नाव सांगू नकोस. पण त्या माणसाला भेट.” काल फोन केला. आज हवालदारकाका खंडाळ्याहून आले, स्टँडच्या कँटीनमध्ये भेटलो. महेशही बरोबर.

पंचनाम्याची प्रत घेऊन आलेले. सगळ्या कागदाला लाल पेननं रेघा. म्हणाले, “वाचून वाचून डोकं चालंना झालंय. तुमी समजावून सांगा.” दोघांनी मिळून ओळ न् ओळ वाचली. ‘सदर इसम’ म्हणजे ओंकार, असं मला दर वेळी सांगावं लागत होतं. त्यांना समजत नव्हतं म्हणून नव्हे. ते दर वेळी थांबायचे तिथं.

‘भ्रमणध्वनीवर संभाषण करीत वाहन चालवीत असल्याने’ या वाक्यापाशी बोट ठेवलं. “ह्ये माझ्यामुळं आलंय.”

मला कळलं नाही.

“तो फोन माझा हुता. मीच केलता. म्हणला, आबा, थांबा, गाडी बाजूला घेतोय. मग म्हणला, हां, बोला. मग मी बोललो की. त्याच्या आईच्या गुडघ्याचं सांगत हुतो. मग आवाज झाला.” चहाचा कप फिरवत राहिले. “पोलिसांला म्या खरं त्येच सांगितलं, की फोनवर हुता माझ्यासंगं. त्येनी लिवलं, फोनवर बोलत गाडी चालवत हुता. मी म्हणलं, न्हाई वो, थांबलाता. तर म्हणले, काका, तुमी बघितलंय का?”

महेश उठून पाणी आणायला गेला.

“पोरगा गाडी पळवत न्हवता असं म्हणणार न्हाई मी. वयच हुतं. पण त्या टायमाला माझं ऐकून थांबलाता. घरात त्याची आई माझ्याशी बोलत न्हाई, बाई. म्हणती, तुमच्या फोननं गेला.”

नाव माझ्या ओठांवर होतं. सांगितलं नाही. कँटीनमधून बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्यासाठी रस्ता ओलांडताना हात आडवा धरला, गाडी येत होती म्हणून.

२८ जाने.

एवढंच सानियाला सांगितलं, की तो फोन त्याच्या वडिलांचा होता. जिन्यात. ती ऐकून घेऊन पुढं गेली. सांगायला हवं होतं की नको होतं... आता सांगून झालंय.

९ फेब्रुवारी, सोम.

आजपासून सारांश फळ्यावर लिहून देतेय. तयार. संभाव्य उताऱ्यांचे सगळे. पाटोळे सर वर्गावरून जाताना दारात थांबले आणि मान हलवून पुढं गेले.

वर्गात इतकी शांतता वर्षभरात कधी नव्हती. सगळे लिहून घेत होते. तास संपल्यावर दिग्विजय मनापासून म्हणाला, “मॅडम, आता लय सोप्पं झालं. आदी तुमी आमाला घोळात घालत हुता.”

हसून “हो का?” म्हटलं.

वर्षानुवर्षं वाटायचं की ही पोरं वाचत नाहीत कारण त्यांना कुणी शिकवलं नाही. एकीला शिकवलं. ती वाचायला लागली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं. मी, पाटोळे सर, तिचे वडील. एकानंही तिच्यावर आवाज चढवला नाही. सगळे तिचं भलंच बघत होतो.

१७ फेब्रु.

बारावीची बोर्डाची परीक्षा. पर्यवेक्षण. तीन तास उभी. काही लिहिण्यासारखं नाही.

२ मार्च, सोम.

क्लासवाल्यांना महेशनं परस्पर विचारलं. जूनपासून या म्हणतायत. मी नाही म्हणाले नाही.

११ मार्च, बुध.

उद्यापासून अकरावीची वार्षिक. रोजे चालू आहेत, सानियाचा चेहरा उतरलेला. हॉलतिकिटं वाटून झाल्यावर सगळे गेले, ही मागं राहिली.

“मॅडम, त्या बाबांचा नंबर हाय का तुमच्याकडं?”

माझ्या पर्समध्येच होता.

“घरी विचारलंस?”

“न्हाई.”

“कशाला हवाय?”

“सांगायचंय. थांबलाता म्हणून. त्याच्या आईला तरी.”

हीच गोष्ट व्हावी म्हणून मी महिनाभर मनातल्या मनात काय काय बोलत होते. आणि प्रत्यक्ष ती समोर उभी राहिल्यावर मला दिसली ती रस्त्याकडेची पट्टी, टपरी, रफिकभाईंची कपड्याची घडी. म्हटलं, “परीक्षा होऊ दे. मग बघू.”

“बरं,” म्हणाली. लगेच. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

२४ मार्च, मंगळ.

शेवटचा पेपर. घंटा झाल्यावर फाटकाशी उभी राहिले, नंबर लिहिलेली चिठ्ठी मुठीत. रफिकभाई मोटरसायकल घेऊन आलेले. सानिया मागं बसली. मी हात वर केला. तिनं बघितलं असावं.

३० मार्च, सोम.

उत्तरपत्रिका तपासतेय. सगळ्यांचे सारांश बरोबर. माझेच.

टपरीवर गेले. सानिया मिरजेला मामाकडं आहे. बारावी तिकडंच करणार. “तिकडं कॉलेज लय चांगलं हाय, मॅडम. लायब्ररी मोठी हाय.” रफिकभाईंना खरंच आनंद झालेला. मामांचा फोन नंबर मागितला, तर म्हणाले, “देतो की, सवडीनं.” ईदचा शिरखुर्मा राहिला म्हणून डब्यात शेवया बांधून दिल्या.

६ एप्रिल, सोम.

हवालदारकाकांचा फोन. बुधवारी सांगलीच्या कोर्टात ओंकारच्या केसची तारीख आहे. वकील म्हणालाय की थांबल्याचं सांगणारा कुणी नसेल तर पंचनाम्यात आहे तेच धरतील.

“बाई, कुणी येणार हाय का?”

म्हटलं, “काका, मी बघितलेलं नाही. मी फक्त वाचलंय.”

 मागं कुणीतरी बाई काहीतरी विचारत होती, ते “थांब जरा” म्हणाले. म्हणजे घरात बोलणं सुरू झालं असेल का? की दुसरं कुणी होतं?

मग म्हणाले, “तर मग वाचलेलं तेवढंच सांगा.”

“बघते,” म्हणाले मी. नाही म्हणता आलं नाही.

महेशला फोन केला. तो म्हणाला, “जा. पण कोर्टात पहिला प्रश्न काय विचारतील, माहीत आहे ना?”

आहे. कुणी लिहिलं होतं?

डेपोत जाऊन चौकशी केली. बुधवारी सकाळची पहिली गाडी सांगलीला थांबून पुढं मिरजेला जाते. मामांचं घर कुठल्या भागात, ते माहीत नाही. लायब्ररीवाल्या कॉलेजचं नाव रफिकभाईंच्या बोलण्यात आलं होतं. तिथं प्रवेशाच्या नोंदीत पत्ता मिळेलही, पण उन्हाळ्याची सुट्टी लागली असेल की नाही...

काउंटरवरच्या माणसानं विचारलं, “सांगली का मिरज?” मागं रांग होती. म्हटलं, बुधवारी गाडीतच काढते तिकीट.